एकच मोठा कस्टमर आहे आणि तो रेट कमी करायला सांगतोय, मंदीत जॉब वर्कचं शॉप कसं टिकवायचं?

रेट कमी करू नका. बाकीचं नंतर, हे आधी.

तुम्ही लिहिलंय की नाशिकच्या अंबडला जॉब वर्कचं, म्हणजे दुसऱ्यांचे पार्ट मशीनिंग करून द्यायचं, तीन मशीनचं शॉप आहे, ऐंशी टक्के काम एकाच कंपनीचं, त्यांचं शेड्यूल अर्ध्यावर आलंय, आणि आता पर्चेसवाले म्हणतात रेट १० टक्के उतरवा आणि पेमेंट साठऐवजी १२० दिवसांनी घ्या. आणि घरचे म्हणतायत की नफा राहू दे, मशीन चालू राहिलं पाहिजे. हे शेवटचं वाक्य वाचलं आणि रात्री साडेअकराला उत्तर लिहायला बसलो, कारण हेच वाक्य मी आमच्या काकांच्या तोंडून २०१९ पासून ऐकतोय आणि ते अजूनही थांबलेले नाहीत.

आमचं शॉप भोसरी एमआयडीसीत. दोन व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी मिलिंग मशीनं), एक सीएनसी लेथ. वडील आणि काकांनी एका जुन्या लेथवर सुरू केलेलं, वडील गेल्यावर मी आणि काका बघायचो. काम ऑटोचं, ॲल्युमिनियमच्या हाउसिंगचं मशीनिंग, जवळजवळ सगळं एका टियर-वनचं, म्हणजे गाडी बनवणाऱ्यांना थेट पार्ट पुरवणाऱ्या कंपनीचं. सप्टेंबर २०१८ मध्ये आयएल अँड एफएस या मोठ्या फायनान्स कंपनीचे कर्जाचे हप्ते थकल्याचं प्रकरण झालं, फायनान्स कंपन्यांनी हात आखडला, त्यात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ (गाड्यांच्या धुराचा नवा नियम) लागणार म्हणून गिऱ्हाईकही थांबलं आणि गाड्या बनवणारेही जुना स्टॉक संपवायच्या मागे. ऑगस्ट २०१९ मध्ये प्रवासी गाड्यांची विक्री आदल्या ऑगस्टपेक्षा ३१ टक्क्यांहून जास्त पडली होती. चाकणला प्लांट मधले मधले दिवस बंद, आणि प्लांट चार दिवस बंद राहिला की आमच्यासारख्याचा आख्खा लॉटच पुढच्या महिन्यात जातो.

त्याच महिन्यात आमच्या टियर-वनने सगळ्या व्हेंडरना बोलावलं. चहा बिस्कीट झालं आणि मग सांगितलं, रेट १२ टक्के कमी, पेमेंट १२० दिवस, आणि नवीन रेट १ एप्रिलपासून लागू. म्हणजे एप्रिल ते जुलै जो माल आम्ही देऊन बसलो, जो गाड्यांना लागूनही गेला, त्यावर मागच्या तारखेने डेबिट नोट, म्हणजे फरक आमच्या बिलातून कापणार. पार्टनरशिपमध्ये सुखदुःख वाटून घ्यायचं असतं असं त्यांचे पर्चेस हेड म्हणाले. २०१७ ला काम जोरात होतं तेव्हा सुख वाटायला कुणी बोलावलं नव्हतं.

गुरुवारी सुट्टी, शॉप बंद, मी आणि काका गाळ्यात हिशोब करत बसलो. तो हिशोब तुम्हाला देतो, तुमचे आकडे घालून बघा. महिन्याचं बिल साधारण चार लाख. त्यावर तेव्हा जॉब वर्कला १८ टक्के जीएसटी (ऑक्टोबरपासून तो १२ झाला, पण ऑगस्टमध्ये १८ च होता), म्हणजे ७२ हजार. कस्टमरचा एक रुपया आलेला नसताना हे ७२ हजार, इनपुट क्रेडिट काय थोडंफार असेल ते वजा करून, पुढच्या महिन्याच्या २० तारखेला सरकारला भरायचे. चार महिने पैसे अडकणार म्हणजे पावणेपाच लाख गुणिले चार, एकोणीस लाखाच्या आसपास. ते सीसीतून (बँकेच्या कॅश क्रेडिटमधून) उचलायचे, साडेअकरा टक्के व्याज, म्हणजे महिन्याला अठरा हजार. चार लाखावर साडेचार टक्के. १२ आणि साडेचार, साडेसोळा टक्के गेले. आमच्या धंद्यात साडेसोळा टक्के सुटतात कुणाला? मशीनच्या तासाला साडेतीनशेचा अवर रेट, त्यात मशीनचा हप्ता, ऑपरेटर, लाईट, इन्सर्ट, कुलंट, रिजेक्शन. नफा गेलाच, वर दर महिन्याला खिशातून घालून कस्टमरचं काम करायचं, आणि त्या कामासाठी स्वतःच्या नावावर कर्ज काढून त्यालाच उधारी द्यायची.

काका म्हणाले, मशीन बंद म्हणजे चूल बंद. ऑपरेटर जातील, ऑपरेटर गेले की शॉप गेलं. आणि मोठा कस्टमर एकदा सोडला की परत गेटवर उभं करत नाहीत. यातलं ऑपरेटरचं म्हणणं मला पटलं होतं आणि आजही पटतं, चांगला सेटर (मशीन कामाला लावून देणारा) शोधायला वर्ष जातं. पण काकांचा सगळा विचार त्या काळातला जेव्हा जुन्या लेथवर हप्ता नव्हता, सीसी नव्हती, आणि बिलाचे पैसे महिन्याभरात यायचे. तेव्हा मशीन चालवलं की चार पैसे सुटायचेच. आता मशीन चालवूनही पैसे जातात हे त्यांना कागदावर दाखवलं तरी दिसत नव्हतं. थांबलेल्या मशीनचा तोटा ठरलेला असतो, हप्ता अधिक लाईटचा फिक्स चार्ज अधिक पगार. चुकीच्या रेटवर चाललेल्या मशीनचा तोटा चालेल तेवढा वाढतो. आणि मशीन रिकामं असेल तर तुम्ही दुसरं काम शोधायला बाहेर पडता, भरलेलं असेल तर पडतच नाही. हे मी ओरडून बोललो तेव्हा, काकांशी त्याआधी कधी आवाज चढवला नव्हता.

मी नाही म्हणायचं ठरवलं, पण लगेच म्हणालो नाही, आणि तुम्हीही लगेच म्हणू नका. आधी ३१ जुलैपर्यंतचं लेजर पाठवून बॅलन्स कन्फर्मेशनवर (आमचे एवढे पैसे देणं आहे हे मान्य करणाऱ्या कागदावर) त्यांच्या अकाउंट्सचा सही-शिक्का घेतला. त्यांना वाटलं बँकेला हवंय. मग जुने जेवढे निघतील तेवढे पैसे काढले, रोज फोन, आठवड्यातून दोनदा स्वतः जाऊन बसायचं. त्यांचे फिक्श्चर, गेज (पार्ट पकडायची आणि मापायची साधनं) सगळं चलन करून परत केलं आणि पोच घेतली, नाहीतर नंतर त्यावरूनही डेबिट पडतो. शेवटी पत्र दिलं की या रेटला काम करता येणार नाही, हातातले लॉट जुन्या रेटने पूर्ण करून देतो. डेबिट नोट जुन्या मालावरची स्वीकारली नाही. त्यावर बरीच बोलाचाली झाली, पण सही केलेलं कन्फर्मेशन असल्यामुळे त्यांना पैसे अडवून धरता आले नाहीत. थोडे सोडावे लागले, ते सोडले.

त्यानंतरचे महिने वाईट गेले. दोन ऑपरेटर गावाला गेले, एक शिफ्ट चालायची. सप्टेंबरात सरकारने कॉर्पोरेट टॅक्स २२ टक्क्यांवर आणला, टीव्हीवर मंदी संपली म्हणून चर्चा, पण तो कंपन्यांना, आमच्यासारख्या भागीदारीतल्या किंवा प्रोप्रायटरच्या शॉपला त्याचा काही उपयोग नाही.

मग काम कुठलं धरलं ते. भरण्याची आणि पॅकिंगची मशीनं असतात ना, औषधाची, तेलाची, सॉसची, त्यांना बाटलीचा साइज बदलला की चेंज पार्ट लागतात, स्टार व्हील, गाइड, स्क्रू. मटेरियल डेलरिन, नायलॉनसारखं प्लास्टिक किंवा एसएस ३०४, ३१६ हे स्टेनलेस. चार नग, सहा नग. ऑटोवाला या कामाकडे बघत नाही कारण सेटिंगमध्येच अर्धा दिवस जातो. पण त्या माणसाची लाइन थांबलेली असते, त्याला पार्ट परवा हवा असतो, तो ५० टक्के ॲडव्हान्स देतो आणि रेटवर घासाघीस करत नाही. अवर रेट काढला तर ऑटोच्या दुपटीच्या जवळ जातो. फक्त प्रोग्रॅमिंग आपलं आपल्याला यायला हवं, आणि मटेरियल आपलं असेल तर एक नग बिघडला की नुकसान आपलं. २०२० मध्ये सॅनिटायझर भरणाऱ्यांना नवीन बाटल्यांचे पार्ट लगेच हवे होते, तेव्हा लॉकडाऊनच्या परवानग्या काढून आमचं शॉप चालू होतं. ऑटोचं धरून बसलो असतो तर त्या एप्रिलमध्ये बिल शून्य आणि सीसी तुडुंब, हे मी काकांना दर दिवाळीला सांगतो. ते म्हणतात तेव्हा थांबला असतास तर २०२२ ला ऑटो परत आलं, आज पाच मशीनं असती. आमच्या शेजारच्या गाळ्यातल्याने तेच काम त्याच रेटने घेतलं होतं. चांगला माणूस, माझ्यापेक्षा जास्त कष्टाळू. २०२१ मध्ये त्याने दोन्ही मशीनं विकली. काका त्याच्याबद्दल बोलत नाहीत.

आता तुमच्याकडे एक गोष्ट आहे जी आमच्याकडे तेव्हा नव्हती. सूक्ष्म किंवा लघु म्हणून उद्यम रजिस्ट्रेशन असेल तर एमएसएमईडी या लहान उद्योगांच्या कायद्याने ४५ दिवसांच्या वर उधारी चालत नाही, लेखी करार असला तरी. हे २००६ पासून आहे, कुणी विचारत नव्हतं. पण १ एप्रिल २०२४ पासून आयकराच्या ४३बी(एच) ने (१९६१ च्या कायद्यातलं कलम) मुदतीत न दिलेलं आणि ३१ मार्चला बाकी राहिलेलं तुमचं बिल कस्टमरला त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही, ते उत्पन्नात मिळवून टॅक्स भरावा लागतो. त्यामुळे पर्चेसशी भांडू नका, फेब्रुवारीत त्यांच्या अकाउंट्सला उद्यमचा नंबर टाकून मेल करा, तिथून पैसे हलतात. थकलेल्या बिलांसाठी सरकारच्या एमएसएमई पोर्टलवर केस टाकायची तर कस्टमर कायमचा सोडायचं ठरलं असेल तरच टाका.

हे सगळं मी ज्या जोरात लिहिलं त्यात एक आहे, आमचा गाळा स्वतःचा होता, एका मशीनचा हप्ता संपत आला होता आणि बायकोचा पगार घरात येत होता. तुमची तिन्ही मशीनं नवीन असतील आणि हप्ता मोठा असेल तर एकदम सोडू नका, एक मशीन बाहेरच्या कामाला मोकळं करा आणि तीन-चार महिन्यांत ऐंशीचे पन्नास टक्के करा. नाशकात नेमकं कुठलं काम मिळेल ते मला इथून सांगता येणार नाही, पण सातपूर-अंबडला औषधाचे आणि खाण्याच्या मालाचे कारखाने आहेत, त्यांच्या मेंटेनन्सवाल्याला भेटा, पर्चेसला नको.

आणि फोनवर काहीही "बघतो", "हो सर" म्हणू नका. दुसऱ्या दिवशी "ॲज डिस्कस्ड" म्हणून मेल येते, त्याला त्याच दिवशी उत्तर द्या की मान्य नाही. पीओची (पर्चेस ऑर्डरची) अमेंडमेंट आली तर रेटच्या आधी लागू तारीख बघा, ती मागची असेल तर सही करू नका.