मुंबई ते नागपूर अंतर किती आहे आणि विमानाला किती वेळ लागतो?

लग्नासाठी नागपूरला जायचंय आणि अंतर कुठे ६८०, कुठे ७०१, तर कुठे ८३७ किलोमीटर दिसतंय, यातलं खरं कोणतं, असं तुम्ही विचारलंय. तिन्ही खरे आहेत. साधारण ६८० हे दोन विमानतळांमधलं सरळ हवाई अंतर. ८३७ रेल्वेचं; सीएसएमटीहून निघालेली गाडी भुसावळ, अकोला, वर्धा असं करत जाते. आणि ७०१ ही समृद्धी महामार्गाची लांबी. मात्र हा रस्ता मुंबईत येत नाही, भिवंडीजवळ आमणे इथे संपतो. तिथून घरापर्यंतचं अंतर आणि ट्रॅफिक तुमचं तुम्ही धरा.

विमानाचा वेळ तिकिटावर दीड तासाच्या आसपास दिसेल. ताशी ८०० किलोमीटरने ६८० किलोमीटर म्हणजे पन्नास मिनिटं, मग दीड तास कशाला? कारण वेळापत्रकातला वेळ विमान जागेवरून हललं की सुरू होतो आणि पलीकडे जागेवर उभं राहिलं की संपतो. मुंबईत दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. म्हणून टेकऑफसाठी रांग ठरलेली. त्यात वारा बहुतेक वेळा समुद्राकडून असल्यामुळे विमान पश्चिमेला तोंड करून उडतं, जुहूवरून अरबी समुद्रावर जातं आणि मग वळून नागपूरकडे निघतं. म्हणजे पूर्वेला जायचं आणि सुरुवात उलट्या दिशेने! शिवाय पूर्ण वेग फक्त मधल्या टप्प्यात मिळतो. बाकी वेळ वर चढण्यात आणि खाली उतरण्यात जातो. प्रत्यक्ष हवेत तुम्ही तास-सव्वा तासच असता.

हिवाळ्यात वर पश्चिमेचे जोरदार वारे असतात, त्यामुळे जाताना पाच-दहा मिनिटं वाचतात आणि येताना तेवढीच जास्त लागतात. परतताना मुंबईवर गर्दी असेल तर घिरट्याही घालाव्या लागतात.

माझ्या मते मात्र तुम्ही दीड तासाचा हिशेब करूच नका. सामान द्यायचा काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो, म्हणून विमानतळावर दोन तास आधी पोचा. ठाणे किंवा बोरिवलीहून निघत असाल तर वाटेचा वेळ वेगळा. घर ते घर पाच-सहा तास होतातच. समृद्धीने स्वतःच्या गाडीने आठ-नऊ तास लागतात. चौघं असाल तर तो पर्याय वाईट नाही. तिकिटावर टर्मिनल नीट बघा: टी१ की टी२, आणि आता नवी मुंबईसुद्धा. पनवेल-खारघरच्या माणसाला नवी मुंबई सोयीची, अंधेरीवाल्याला नाही.

नागपूरला उतरल्यावर त्रास नाही. विमानतळ वर्धा रोडला, सोनेगावात, शहराला अगदी लागून आहे. शहराच्या मधोमध असलेलं सीताबर्डी गर्दी नसेल तर वीस-पंचवीस मिनिटांत.

मुहूर्त सकाळचा असेल तर त्याच दिवशीचं विमान घेऊ नका, आदल्या रात्री पोचा. संध्याकाळचा असेल तर सकाळचं पहिलं विमान बरं. दिवसभरातला उशीर साचत साचत रात्रीच्या विमानांवर येतो.