टोळी, दल की गट? मिचोआकानच्या बंदूकधारी शेतकऱ्यांना मराठीत काय म्हणावं

प्रश्न असा आहे. एक अनुवादक मैत्रीण मेक्सिकोवरचा इंग्रजी लेख मराठीत आणते आहे. लेखाचा अर्धा भाग मिचोआकान राज्यात अमली पदार्थांच्या कार्टेलविरुद्ध बंदुका घेऊन उभ्या राहिलेल्या गावकऱ्यांचा, तर अर्धा अमेरिकेच्या अॅरिझोना सीमेवर स्वतःहून पहारा देणाऱ्या हत्यारबंद नागरिकांचा. मूळ लेखात दोघांनाही एकच शब्द वापरला आहे, 'मिलिशिया'. तिचं एक वाक्य असं होतं : 'मिचोआकानच्या ग्रामरक्षक दलांनी ड्रग कार्टेलच्या ताब्यातली गावे मुक्त केली.' संपादकांनी 'ग्रामरक्षक दलांनी' खोडून 'सशस्त्र टोळ्यांनी' केलं. यात बरोबर कोण, आणि 'व्हिजिलांटी'ला, म्हणजे स्वतःहून कायदा हातात घेणाऱ्याला, मराठीत काय म्हणायचं, असं ती विचारते.

मला दोन्ही शब्द पटत नाहीत. का ते जरा सविस्तर सांगते, कारण इथे शब्द चुकला की वाचक वाक्य संपायच्या आतच निकाल देऊन मोकळा होतो.

'टोळी' हा शब्द मराठीत आता जवळजवळ पूर्णपणे गुन्ह्याच्या ताब्यात गेला आहे. दरोडेखोरांची टोळी, पाकीटमारांची टोळी, टोळीयुद्ध. ऊसतोड मजुरांची टोळी म्हणताना तो अजून निरागस असतो, पण 'सशस्त्र' हे विशेषण पुढे लागलं की ऊसतोडीची आठवण कुणालाच होत नाही. शिवाय त्याच वाक्यात कार्टेलही आहे, आणि ती तर टोळीच. मग वाचकाला दिसतं ते एका टोळीने दुसऱ्या टोळीला हुसकावल्याचं चित्र. पुढे काही ठिकाणी तसं घडलंही, पण सुरुवात तशी नव्हती.

'ग्रामरक्षक दल'ची अडचण वेगळी आहे. हा शब्द महाराष्ट्रात आधीच कामाला लागलेला आहे. 2016 साली दारूबंदी कायद्यात सुधारणा होऊन ग्रामरक्षक दलांची तरतूद झाली. गावातल्या बेकायदा दारूवर लक्ष ठेवणारे, पोलिसांना आणि उत्पादन शुल्क खात्याला खबर देणारे हे गावकरी. हातात हत्यार नाही, पाठीशी कायदा आहे. मिचोआकानमध्ये नेमकं उलटं होतं : हातात हत्यार होतं, पाठीशी कायदा नव्हता. 'गृहरक्षक दल' म्हणजे आपले होमगार्ड, 1946 पासूनचे, म्हणून तेही नको. 'दल' या शब्दालाच मराठीत सरकारी इस्त्री आहे. पोलीस दल, अग्निशमन दल, राज्य राखीव पोलीस दल. ऐकलं की गणवेश, हजेरीपट आणि वरिष्ठ अधिकारी डोळ्यांपुढे येतात.

आता ते लोक स्वतःला काय म्हणत होते ते पाहू. मिचोआकानच्या सखल, उष्ण पट्ट्याला तिएर्रा कालिएन्ते, म्हणजे 'तापती भूमी' म्हणतात. तिथे 24 फेब्रुवारी 2013 रोजी ला रुआना आणि तेपाल्कातेपेक या गावांत लोकांनी बंदुका उचलल्या. ला रुआनात पुढे होता इपोलितो मोरा, लिंबाची शेती करणारा. तेपाल्कातेपेकच्या बाजूने पुढे नाव झालं ते होसे मान्वेल मिरेलेस या डॉक्टरचं. समोर होते 'काबायेरोस तेम्प्लारिओस', म्हणजे 'मंदिराचे सरदार' असं मध्ययुगीन धर्मयोद्ध्यांचं नाव स्वतःला लावून घेतलेलं कार्टेल. गावकऱ्यांनी स्वतःला 'आउतोदेफेन्सास' म्हणवून घेतलं. 'आउतो' म्हणजे स्वतः, 'देफेन्सा' म्हणजे बचाव. गंमत म्हणजे स्पॅनिशमध्ये हा शब्द एकट्या माणसालाही लागतो. 'तो आउतोदेफेन्सा आहे' असं म्हणतात. मराठीत 'तो स्वसंरक्षण आहे' म्हणता येणार नाही. सुरुवातीला 'कोमुनितारिओस', म्हणजे 'समुदायाचे लोक', हेही नाव चालत होतं.

विरोधकांनी मात्र त्यांना तिसरंच नाव दिलं : हे खालिस्को राज्यातल्या दुसऱ्या कार्टेलचे भाडोत्री लोक आहेत. आणि स्पॅनिश वाचकाला 'आउतोदेफेन्सास' म्हटल्याबरोबर कोलंबिया आठवतो, कारण तिथे 1997 साली याच नावाखाली निमलष्करी गटांचा महासंघ उभा राहिला होता. गनिमी बंडखोरांपासून बचाव हे त्याचं सांगणं, प्रत्यक्षात गावोगावच्या कत्तली आणि कोकेनचा व्यापार. 2003 ते 2006 या काळात त्यातल्या 30 हजारांहून अधिक लोकांनी शस्त्रं खाली ठेवली. मराठी शब्दाला ही सावली आपोआप मिळणार नाही. अनुवादात कुठेतरी एक वाक्य घालून ती द्यावी लागेल.

जुन्या मराठीत 'मिलिशिया'च्या जवळ जाणारा शब्द होता, शिबंदी. फारसीतून आलेला. वसुलीसाठी, बंदोबस्तासाठी, किल्ल्याच्या राखणीसाठी ठेवलेले, कवायती फौजेबाहेरचे शिपाई. कंपनी सरकारच्या इंग्रजीनेही तो 'सिबंडी' म्हणून उचलला होता. मला हा शब्द फार आवडतो, पण इथे चालणार नाही, कारण शिबंदी ठेवणारा कुणीतरी असतो, किल्लेदार किंवा मामलेदार. ला रुआनाच्या लोकांना कुणी ठेवलेलं नव्हतं.

त्यापेक्षा मला शिलेदार आणि बारगीर ही जोडी उपयोगी वाटते, अनुवादात घालायला नव्हे, स्वतःला नीट समजायला. शिलेदार स्वतःचा घोडा, स्वतःची हत्यारं घेऊन येई. त्या शब्दात 'सिलाह' म्हणजे शस्त्र आहेच. बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारी पागेतून मिळे. (आज 'अमक्या नेत्याचा शिलेदार' म्हणताना हा फरक पार पुसला गेला आहे, याचं मला वाईट वाटतं.) मिचोआकानमध्ये 10 मे 2014 रोजी नेमकं हेच घडलं. केंद्र सरकारने आउतोदेफेन्सासना 'फुएर्सा रुराल', म्हणजे 'ग्रामीण दल' या नावाने पोलिसांत सामावून घेतलं. गणवेश दिले, बंदुकांची नोंद केली. शिलेदारांचे बारगीर झाले. मिरेलेस यांनी ते मानलं नाही आणि 27 जून 2014 रोजी त्यांना बेकायदा शस्त्रांच्या आरोपाखाली अटक झाली. काही महिन्यांपूर्वी जी बंदूक हातात असताना सरकारी अधिकारी त्यांच्याशी बोलणी करत होते, तसलीच बंदूक जूनमध्ये गुन्हा ठरली. मधल्या काळात बदललं ते नाव. म्हणून मैत्रिणीला माझं सांगणं आहे की 10 मेच्या आधी 'दल' लिहू नका. त्यानंतरच्या गणवेशधाऱ्यांना खुशाल 'ग्रामीण दल' म्हणा.

याच लेखात आणखी काही शब्द असणार, त्यांच्याबद्दल लिहायचा मोह आवरत नाही.

'देरेचो दे पिसो' हा वाक्प्रचार येईलच. शब्दशः 'जमिनीचा हक्क'. मुळात बाजारात जमिनीवर पथारी टाकण्याबद्दल द्यायचे पैसे, आता कार्टेलला धंदा चालू ठेवण्यासाठी द्यायचे पैसे. मराठीत याला दोन शब्द तयार आहेत, 'हप्ता' आणि 'खंडणी'. 'हप्ता' मुंबईच्या फुटपाथचा, आठवड्याच्या आठवड्याला येणारा. 'खंडणी'ला इतिहास आहे : जिंकलेल्या मुलखाकडून, शहराकडून ठरवून घेतलेली रक्कम. तेम्प्लारिओस लिंबू-अॅव्होकाडोच्या बागांवर, पॅकिंगच्या कारखान्यांवर, दुकानांवर रक्कम बसवत, आणि माल कुणी किती विकायचा यातही हात घालत. मी तिथे 'खंडणी' वापरेन, कारण ते वागत होते मुलूख जिंकल्यासारखे. लासारो कार्देनास बंदरातून जाणाऱ्या लोखंडाच्या खनिजातही त्यांचा हात होता. नोव्हेंबर 2013 मध्ये केंद्र सरकारला ते बंदर लष्कराच्या ताब्यात द्यावं लागलं. 'कार्टेल' हा शब्द मुळात भाव आणि उत्पादन ठरवून घेणाऱ्या उद्योजकांच्या संगनमताचा. अमली पदार्थांच्या टोळ्यांना तो ऐसपैसपणे लावला जातो, पण लिंबाच्या बाजारात तेम्प्लारिओसनी जे केलं त्याला तो मूळ अर्थानेही लागू होतो. तेव्हा 'कार्टेल' तसाच ठेवा. 'माफिया' नको, तो इटलीचा.

'लेवान्तोन' हा शब्द दिसला तर थांबा. कार्टेलचे लोक माणसाला रस्त्यावरून गाडीत घालून नेतात, त्याला हे म्हणतात. 'लेवान्तार' म्हणजे उचलणे. आपल्याकडे 'त्याला उचलला' म्हटलं की पोलीस आठवतात. तिथे टोळीवाले, आणि उचललेला बहुधा परत येत नाही. 'अपहरण' लिहिलं तर अर्थ जाईल पण धास्ती राहणार नाही. 'उचलून नेलं' हेच लिहा. त्याच धातूपासून 'लेवान्तामिएन्तो' होतो, म्हणजे सशस्त्र उठाव. तिथे एकाच क्रियापदातून माणूस उचलणंही निघतं आणि गाव उठणंही. मराठीत उचलणं आणि उठणं शेजारी आहेत, पण इतके सख्खे नाहीत.

आणि 'पेर्दोनादोस', म्हणजे माफ केलेले. तेम्प्लारिओस हरायला लागल्यावर त्यांचेच काही लोक बाजू बदलून आउतोदेफेन्सासचे पांढरे टी-शर्ट घालून आले. आपल्या न्यायालयी मराठीत 'माफीचा साक्षीदार' आहे, त्यावरून 'माफीवाले' करता येईल. हा शब्द लेखात असेल तर मुळीच गाळू नका. संपादकांना 'टोळ्या' का सुचलं असेल, त्याचं खरं कारण या माणसांत आहे.

त्याच राज्यातलं चेरान हे पुरेपेचा आदिवासींचं गाव मात्र वेगळं ठेवा. तिथे 15 एप्रिल 2011 रोजी पहाटे बायकांनी पुढाकार घेऊन गुंडांच्या संरक्षणाखाली जंगल तोडून नेणारे ट्रक अडवले. मग गावाने पोलिसांना आणि राजकीय पक्षांना बाहेर काढलं, चौकाचौकांत शेकोट्या पेटवून रात्री जागून काढल्या, आणि स्वतःची 'रोंदा कोमुनितारिया' उभी केली. त्याच वर्षी न्यायालयाने त्यांना आपल्या रूढीप्रमाणे गावकारभारी निवडायचा हक्क मान्य केला. 'रोंदा'साठी शब्द शोधत बसायची गरज नाही, मराठीत 'रोंद' आहे. रोंद घालणे, रात्रीची रोंद. युरोपीय पलटणींच्या पहाऱ्यातून आपल्याकडे आलेला हा शब्द स्पॅनिश 'रोंदा'चा भाऊच. आजच्या वाचकाला तो अडेल असं वाटलं तर 'गावगस्त' म्हणा. माझ्या लहानपणी आमच्या गावात चोरांची हूल उठली की घरटी एक माणूस काठी आणि बॅटरी घेऊन गस्तीला जाई. त्या गस्तीला आम्ही कधी नाव दिलं नाही. 'आज कुणाची पाळी?' एवढंच विचारलं जाई. चेरानबद्दल वाचताना मला ती पाळी आठवते, आणि म्हणूनच त्या गावाला 'मिलिशिया'च्या पोत्यात टाकलेलं पाहून त्रास होतो.

आता 'व्हिजिलांटी'. स्पॅनिशमध्ये 'विहिलान्ते' म्हणजे साधा पहारेकरी. बँकेच्या दारात उभा असतो तो. इंग्रजीने शब्द घेतला आणि वाकडा केला, विशेषतः 1851 आणि 1856 साली सॅन फ्रान्सिस्कोत स्थापन झालेल्या 'व्हिजिलन्स कमिटी'नंतर. तिथल्या नागरिकांनी स्वतःच खटले चालवून माणसं फासावर दिली. कोशातून शब्दशः भाषांतर केलंत तर 'दक्षता समिती' येईल, आणि मराठी वाचकाला रेशन दुकानावरची दक्षता समिती आठवेल. तसं अजिबात करू नका.

एप्रिल 2005 मध्ये अॅरिझोनात 'मिनटमेन प्रोजेक्ट' नावाने शेकडो नागरिक सीमेवर दुर्बिणी आणि काही जण पिस्तुलं घेऊन बसले, तेव्हा वाद याच शब्दावरून झाला. महिनाभर आधी अध्यक्ष बुश यांनी आपण 'व्हिजिलांटीं'च्या विरोधात आहोत असं म्हटलं होतं. आयोजकांचं म्हणणं, आम्ही फक्त पाहतो आणि सीमा गस्ती पोलिसांना कळवतो. त्यांनी स्वतःसाठी घेतलेलं नाव 1775 च्या स्वातंत्र्ययुद्धातलं, मिनिटभरात बंदूक घेऊन हजर होणाऱ्या शेतकऱ्यांचं. या लोकांना मराठीत 'स्वयंनियुक्त सीमापहारेकरी' म्हणावं असं मला वाटतं. 'स्वयंघोषित'पेक्षा 'स्वयंनियुक्त' बरा, कारण पहिल्यात हेटाळणी आहे आणि दुसऱ्यात फक्त वस्तुस्थिती : नेमणूक कुणी केली नाही, त्यांनीच केली. मात्र कुणी स्थलांतरितांना अडवून ठेवलं, धमकावलं, मारलं, असा प्रसंग आला की तिथे नाम शोधू नका, क्रियापद वापरा. 'कायदा हातात घेतला' हा वाक्प्रचार इंग्रजीवरून आला असला तरी आता आपल्या अंगवळणी पडला आहे, आणि तो माणसाला कायमचा शिक्का न मारता कृत्यावर बोट ठेवतो.

अॅरिझोनाचे आणि मिचोआकानचे लोक एका शब्दाखाली आणू नका, असं मी आग्रहाने सांगेन. मिचोआकान अमेरिकेच्या सीमेवर नाही, खाली प्रशांत महासागराच्या काठावर आहे. तिथल्या माणसाच्या दारात खंडणी मागणारा उभा होता, आणि त्याने वाळूची पोती रचून अडवली ती स्वतःच्या गावाची वेस. अॅरिझोनात आलेल्यांपैकी अनेक जण दूरच्या राज्यांतून गाडी चालवत आले होते, आणि ते राखत होते ती देशाची सरहद्द. वेस आणि सरहद्द यांत मराठी जो फरक करते, तो इंग्रजी लेखात नसला तरी अनुवादात आणायला हरकत नाही.

तर मिचोआकानसाठी माझा शब्द 'स्वसंरक्षण गट'. पहिल्यांदा येईल तिथे 'गावकऱ्यांचे सशस्त्र स्वसंरक्षण गट' असं पूर्ण लिहा, पुढे नुसतं 'गट' चालेल. एकट्या माणसाला 'गटातला'.

राहता राहिलं 'मुक्त केली'. मूळ इंग्रजीत तसं असेलही, पण ला रुआनाचं पुढे काय झालं ते ठाऊक असताना मला तो शब्द लिहवत नाही. डिसेंबर 2014 मध्ये गटांच्या आपसातल्या गोळीबारात इपोलितो मोराचा मुलगा गेला. आणि 29 जून 2023 रोजी स्वतः मोरा त्याच ला रुआनात, आपल्या तीन अंगरक्षकांसह, घात लावून मारला गेला. म्हणून वाक्य असं करावं : '2013 च्या फेब्रुवारीपासून मिचोआकानमधल्या गावकऱ्यांच्या सशस्त्र स्वसंरक्षण गटांनी तेम्प्लारिओस कार्टेलला एकेका गावातून हुसकावून लावले.'