आधी सावली बघा, मग दिवा घ्या

दिवाळीच्या आधी घरात रंगकाम निघतं आणि त्याच्या मागोमाग दिव्यांचे प्रश्नही. या वेळच्या बहुतेक पत्रांत एकच विचारणा आहे: 'किती वॅटचा घेऊ?' वॅट म्हणजे दिवा किती वीज खातो ते. उजेड किती देतो, ते खोक्यावर ल्युमेनमध्ये लिहिलेलं असतं. खरेदी करताना बघायचा आकडा तो.

डोंबिवलीत आमचं वन बीएचके आहे. स्वयंपाकघरात 20 वॅटची एलईडी ट्यूब लावली तरी ओट्यावर अंधारच वाटतो. आणखी मोठी घ्यावी का?

नका घेऊ. तुमची ट्यूब बहुधा ओट्याच्या समोरच्या भिंतीवर, दाराच्या वर असेल. बिल्डर पॉइंट तिथेच काढून ठेवतो. तुम्ही ओट्याकडे तोंड करून उभ्या राहिलात की उजेड पाठीवर आणि भाजीवर तुमचीच सावली. ट्यूब दुप्पट केलीत तरी ती सावली हटणार नाही.

आज रात्री एक करून बघा. घरातल्या कुणाला तरी मोबाइलची टॉर्च ओट्यावरच्या कपाटाखाली धरायला सांगा आणि कोथिंबीर निवडा. पिवळं पान लगेच वेगळं दिसेल. दिवा तिथेच हवा. दोन फुटी, 10 वॅटची बॅटन (सरळ, चपटी ट्यूब) कपाटाच्या तळाला लावा, पण मागे टाइल्सला चिकटवून नाही, पुढच्या कडेलगत. मागे लावली की काळ्या ग्रॅनाइटमध्ये तिचं प्रतिबिंब पडतं आणि ते थेट डोळ्यांत येतं. पुढे लावून तिच्यासमोर आडोशाला इंचभर उंचीची पट्टी ठोकली की दिवा दिसत नाही, उजेड तेवढा दिसतो. शेगडीच्या बरोबर वर मात्र नको. फोडणीची वाफ आणि तेल बसून तो लवकर जातो.

रंग 4000 केल्विनचा घ्या, म्हणजे ना पिवळा ना निळसर. खोक्यावर सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) 80 च्या वर असल्याचं बघा, 90 मिळाला तर उत्तमच. सीआरआय कमी असला की भरपूर उजेडातही पालक मलूल आणि टोमॅटो शिळा दिसतो. सकाळी नुसता चहा टाकायचा तर ही 10 वॅटची बॅटन पुरते, मोठी ट्यूब लावायचीच गरज नाही.

वडील 74 वर्षांचे. पेपर वाचायला उजेड पुरत नाही म्हणतात. आम्हाला मात्र तीच खोली लख्ख वाटते. (सातारा)

दोघांचंही खरं आहे. वयानुसार बाहुली कमी उघडते, डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं. साठीतल्या माणसाच्या डोळ्यात विशीतल्या पोराच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. (मोतीबिंदू तपासला नसेल तर दिव्याआधी ते करा.)

आता हिशेब. 9 वॅटचा एलईडी बल्ब साधारण 900 ल्युमेन देतो. 10 बाय 12 ची खोली म्हणजे सुमारे 11 चौरस मीटर. सगळाच्या सगळा उजेड खाली पडला असं धरलं, तरी चौरस मीटरला 80 ल्युमेन, म्हणजे 80 लक्स. वाचायला किमान 300 लक्स हवेत, या वयात 500 बरे. तेवढ्यासाठी छताला सहा बल्ब लावायचे का? दिवा जवळ आणा. बल्बचं अंतर निम्मं केलं की त्याचा उजेड चौपट होतो. वडिलांच्या खुर्चीमागे, खांद्याच्या बाजूने, शेड असलेला 7 वॅटचा दिवा ठेवा. बल्ब उघडा दिसता कामा नये, कारण या वयात डोळे दिपले की सावरायला वेळ लागतो.

त्याच फेरीत पलंगाच्या खाली एक सेन्सरचा दिवा लावून घ्या. पिवळा, 1-2 वॅटचा. रात्री पाय जमिनीला टेकले की लागतो, बाथरूमची वाट दिसते आणि झोप पुरती मोडत नाही.

बटण बंद केलं तरी एलईडी बल्ब मिणमिणत राहतो. वीज गळतेय का? (नागपूर)

बटणात लाल इंडिकेटर असेल तर त्यातून जाणारा किंचित प्रवाह पुरतो, घाबरू नका. इंडिकेटर नसेल तर वायरमनला बोलवा. पुष्कळदा बटण फेजऐवजी (वीज आणणारी तार) न्यूट्रलवर (परतीची तार) जोडलेलं असतं. मग बंद बटणातही होल्डरमध्ये फेज असतो आणि बल्ब बदलताना झटका बसू शकतो. हे आजच दुरुस्त करा.

हॉल 18 बाय 11 चा. फॉल्स सीलिंगमध्ये 12 वॅटचे 14 दिवे आणि कडेने 16 मीटर एलईडी पट्टी सुचवली आहे. 'एलईडी आहे, बिल येणारच नाही' असं कंत्राटदार म्हणतो. (पुणे)

येईल. 14 दिव्यांचे 168 वॅट. पट्टी मीटरला साधारण 10 वॅटची धरली तर आणखी 160. झाले 328. तुमच्या जुन्या घरात तांब्याच्या चोकच्या दोन ट्यूब असतील तर त्या चोकसकट शंभर-सव्वाशे वॅट खात होत्या. रोज पाच तास जळाल्या तर महिन्याला 15 ते 19 युनिट. हे प्रकरण 49 युनिटांवर जातं. एलईडी घेऊन बिल वाढवणारी अशी घरं मला दर महिन्याला दिसतात.

एवढ्या हॉलला सहा दिवे पुरतात, भिंती फिक्या असतील तर नक्कीच. तीन-तीन करून दोन बटणांवर घ्या. सोफ्याच्या बरोबर डोक्यावर एकही नको, भिंतीपासून दोन फुटांवर घ्या. भिंत उजळली की खोली मोठी वाटते. पट्टी हवीच असेल तर टीव्हीच्या भिंतीपुरती, स्वतंत्र बटणावर, ॲल्युमिनियमच्या चौकटीत बसवलेली, म्हणजे फार तापत नाही. पट्टीचा ॲडॉप्टर कुठे ठेवणार ते मात्र आधी विचारा. आधी मरतो तो तोच, आणि पीओपीच्या आत गाडलेला असला की 400 रुपयांच्या वस्तूसाठी छत फोडावं लागतं.

आणि बचतच करायची असेल तर वर बघा. जुना पंखा 75 वॅट खातो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) 30-35. पंखा दिव्यांपेक्षा कितीतरी जास्त तास फिरतो.

देवघरात लाल झिरोचा बल्ब अखंड असतो. झिरोच आहे, तर बदलायची काय गरज? (कोल्हापूर)

नावच झिरो. काचेचा जुना असेल तर 12 ते 15 वॅट खातो. पूर्वीच्या चकतीच्या मीटरवर एवढा कमी भार धड नोंदलाच जात नसे, म्हणून तो झिरो. आताचे मीटर सोडत नाहीत. 15 वॅट अखंड म्हणजे महिन्याला जवळपास 11 युनिट. अर्ध्या वॅटचा एलईडी त्याच होल्डरमध्ये बसतो, लालही मिळतो.