पेठची गाडी कोणती?

बाईंना विचारा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : बाई, मी दिंडोरी तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत पहिलीला शिकवते. नोकरीचे हे तिसरे वर्ष. वर्गात 31 मुले आहेत. त्यांतल्या 12 जणांचे आई-वडील सुरगाणा, पेठकडून द्राक्षबागांच्या कामाला आलेले आणि मळ्यातच राहिलेले. घरी कोकणा या आदिवासी समाजाची बोली. अंगणवाडीत ही मुले जेमतेम गेली. बाकीच्यांना अक्षरे येतात, काही जण शब्दही वाचतात. या बाराजणांची सुरुवात पेन्सिल धरण्यापासून. मागच्या शिक्षण परिषदेत यावरून चांगलाच वाद झाला. एक ज्येष्ठ गुरुजी म्हणाले, या मुलांसाठी पहिलीची उद्दिष्टे कमी ठेवा, उगाच ताण नको. फिनलंडमध्ये सातव्या वर्षी शाळा सुरू होते, आपल्यालाच कसली घाई? दुसरे म्हणाले, सरकारच्या निपुण भारत अभियानाचे वाचन-गणिताचे निकष सगळ्यांना सारखे, कुणालाही सूट नाही. मला दोघांचेही थोडे पटते आणि दोघांचेही पुरते पटत नाही. या बारा मुलांकडून मी नक्की किती अपेक्षा ठेवू?
— एक शिक्षिका, दिंडोरी तालुका

उत्तर : आधी माझ्या हातून झालेली चूक सांगते, म्हणजे पुढचे बोलणे कुठून आले ते तुम्हाला कळेल.

नोकरीच्या सुरुवातीला मी पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर होते. पहिली ते चौथी एकाच खोलीत. जूनमध्येच मी मुलांचे दोन गट केले. ज्यांना थोडेफार येत होते ते फळ्याजवळ, ज्यांना काहीच येत नव्हते ते खिडकीकडे. खिडकीकडच्यांना सोपे काम. त्यांना झेपेल तेवढेच द्यावे, पोरांना रडवू नये, एवढाच माझा विचार. त्या गटात एक मुलगी होती. तिची वही मला अजून दिसते. पानभर ‘अ’, पुढच्या पानावर पुन्हा ‘अ’, खोडून खोडून कागदाला पडलेले भोक, आणि प्रत्येक पानाखाली माझी लाल शाईतली बरोबरची खूण. जूनमध्ये जो गट होता तोच मार्चमध्ये होता. खिडकीकडून एकही मूल फळ्याकडे सरकले नाही, कारण त्यांनी कधी सरकायचे हे मी ठरवलेच नव्हते.

पुढे बऱ्याच वर्षांनी नाशिकला सीबीएस बसस्थानकावर उभी होते. कडेवर लेकरू घेतलेली एक तरुणी जवळ आली. ‘बाई, ओळखलं का?’ मी ओळखले नाही. तिने नाव सांगितले तेव्हा आधी ती वही आठवली, मग चेहरा. दोघींनी एकमेकींची खुशाली विचारली. मग ती म्हणाली, ‘बाई, पेठची गाडी कोणती?’

गाडी आमच्या समोरच उभी होती. पाटीवर मोठ्या अक्षरांत ‘पेठ’ लिहिलेले. दोन अक्षरे. त्या मुलीला मी चार वर्षे शिकवले होते.

म्हणून ‘या मुलांसाठी कमी ठेवा’ असे कुणी म्हटले की माझ्या पोटात कालवते. गुरुजींच्या मनात माया आहे, हे मला ठाऊक आहे. माझ्याही मनात होतीच.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचे उत्तर : तिसरीच्या अखेरीस एकतीसही मुलांकडून अपेक्षा एकच ठेवा. निपुण भारत अभियान 5 जुलै 2021 ला सुरू झाले. त्यात तिसरीअखेर काय मागितले आहे? मिनिटाला किमान 60 शब्द समजून वाचणे आणि 9999 पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता येणे. हे काही आभाळाला हात लावणे नाही. एवढे येत नसेल तर चौथीत शाब्दिक उदाहरण पोराला वाचताच येणार नाही, सोडवणे लांबच. ही रेषा त्या बाराजणांसाठी एक बोटभरही खाली आणू नका.

आता दुसऱ्या गुरुजींचे. पहिलीअखेरचे लक्ष्य चार-पाच सोप्या शब्दांची वाक्ये आणि 99 पर्यंतचे अंक असे आहे. ते चुकीचे नाही, पण ही शिडी कुठून सुरू होते ते बघा. 2020 च्या शैक्षणिक धोरणात पायाभूत टप्पा 3 ते 8 वर्षांचा धरला आहे, म्हणजे पाच वर्षांचा. तुमच्या बारा मुलांना त्यातली पहिली तीन वर्षे जवळजवळ मिळालीच नाहीत. त्यांनी नऊ महिन्यांत चार वर्षांचे अंतर कापावे आणि मार्चमध्ये जमले नाही की नावापुढे शेरा मारावा, हे मला मान्य नाही. पहिलीचा निकष तुमच्या कामाची दिशा ठरवायला वापरा, पोराच्या कपाळावर चिकटवायला नको. तुमच्या हातात पहिली ते तिसरी अशी तीन वर्षे आहेत.

आणि मागे फक्त तुमची बारा मुले आहेत असेही समजू नका. मुलांना किती वाचता येते, गणित किती येते हे तपासणाऱ्या ‘असर’च्या 2024 च्या ग्रामीण पाहणीत देशातल्या सरकारी शाळांमधल्या तिसरीच्या 23.4 टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला. बाकीच्यांना नाही. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा माझ्या खिडकीकडचा गट केवढा मोठा आहे ते कळले.

फिनलंडबद्दल थोडक्यात. तिथे शाळा सातव्या वर्षी सुरू होते हे खरे. पण त्याआधीचे पूर्वप्राथमिकचे एक वर्ष 2015 पासून सक्तीचे आहे, आणि त्यात खेळ, गाणी, गोष्टी, बोलणे असते. सातव्या वर्षी तिथले मूल शाळेत येते ते भाषा घेऊन. आपले मूल सहाव्या वर्षी येते ते शाळेची भाषा न कळता. तेव्हा फिनलंडकडून काही घ्यायचेच असेल तर ते आधीचे वर्ष घ्या. तुमच्या वर्गात ते पहिलीच्या आतच बसवावे लागेल.

कसे बसवायचे? मला जे जमले ते सांगते.

दिंडोरीला बदली झाल्यावर माझ्याकडे मळ्यातला एक मुलगा आला. ‘वही उघड’ म्हटले की पाटी पुढे करायचा, कारण शब्द कळत नव्हता. मी त्याला ‘मठ्ठ’ समजण्याच्या अगदी काठावर होते. एके दिवशी डब्याच्या सुट्टीत तो धुळीत बोटाने काहीतरी गिरवत होता. वाकून पाहिले तर ‘क्ष’. वळणासकट, नीट. अक्षरमालेत ‘क्ष’ शेवटाला, आमची गाडी अजून ‘क’वरही आलेली नाही, आणि याला ‘क्ष’ येतो! विचारल्यावर त्याने हाताने खोक्याचा आकार दाखवला. द्राक्षांच्या पेट्या. प्रत्येक पेटीवर ‘द्राक्षे’ छापलेले, आणि त्या पेट्यांच्या थप्प्यांवर तो लहानाचा मोठा झालेला. दुसऱ्या दिवशी मी त्याच्यासाठी फळ्यावर ‘क्ष’ काढला आणि तिथूनच सुरुवात केली. मग त्यातला ‘क’ दाखवला, मग ‘द’, ‘र’. पेट्यांची थप्पी मोजायला त्याला माझी गरजच नव्हती. तोंडी बेरीज तो फळ्याजवळच्या मुलांपेक्षा पटकन करायचा, अंक लिहायचेच तेवढे राहिले होते.

म्हणून पहिले काम हे : बाराही मुलांना एकेकटे जवळ घेऊन बसा. काय येत नाही त्याची यादी तुमच्याकडे आहेच, काय येते त्याची करा. घरी कोण काय बोलते, कशाला काय म्हणतात, ते त्यांच्याकडून शिका. त्यांच्या बोलीतले पन्नासेक शब्द तुमच्या वहीत हवेत. छाटणी, थिनिंग, डिपिंग, घड, काडी हे द्राक्षबागेच्या कामातले शब्द तर त्यांच्या आणि आपल्या दोन्हीकडच्या बोलण्यातले आहेत. पहिले वाचनाचे शब्द त्यांतलेच काढा.

तारा मोडक आणि अनुताई वाघ बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांसाठी हेच करत होत्या. मूल बालवाडीत येत नाही म्हणून बालवाडी त्याच्या अंगणात नेली, त्यातून ‘अंगणवाडी’ आली. गुरांमागे जाणाऱ्या पोरांसाठी थेट कुरणात शाळा भरवली. त्यांनी शिक्षण पातळ केले नाही. ते घेऊन त्या मुलाच्या जागेपर्यंत गेल्या.

दुसरे, रोज एक तास गट करा. पातळीचे करा. एक गट शब्द वाचणाऱ्यांचा, एक अक्षरांचा, एक नुसते बोलण्या-ऐकण्याचा. बाकी वेळ सगळा वर्ग एकत्र. गोष्ट, गाणी, परिपाठ यांत कुणालाही वेगळे काढू नका. आणि मी जे केले नाही ते करा : गट करतानाच तारीख लिहा. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक मुलाला पाच मिनिटे तपासा. दोन पंधरवडे एखादे मूल जागचे हलले नाही, तर त्याला आणखी सोपे देऊ नका, शिकवायची रीत बदला.

जुलैत या बाराजणांच्या घरचे भाताच्या आवणीला, म्हणजे लावणीला, गावाकडे जातात, मुले पंधरा-वीस दिवस दिसत नाहीत. परत आल्यावर ती मागे पडलेली असणारच, त्याचा राग धरू नका. जाताना गोष्टीचे एक छोटे पुस्तक आणि चित्रांच्या चिठ्ठ्या द्या. मुक्काम लांबणार असेल तर शिक्षण हमी कार्ड भरून द्यायला विसरू नका. तिकडच्या शाळेने त्याला बसवून घेतले पाहिजे. आयांना महिन्यातून एकदा संध्याकाळी बोलवा, दिवसा त्यांचा रोजगार बुडतो. त्यांना वाचता येत नसले तरी चालेल. पोराला दिवसभराचे विचारा आणि त्याचे पूर्ण ऐकून घ्या, एवढेच सांगा.

केंद्रप्रमुखांना आकडा खरा द्या. बारापैकी दोघे निकषापर्यंत पोचले तर दोनच लिहा. वर बरे दिसावे म्हणून आपण चांगले चित्र रंगवतो आणि मग त्या मुलांसाठी काहीच मागता येत नाही; जास्तीची स्वयंसेविका नाही, पुस्तके नाहीत.

दिवाळीच्या सुट्टीआधी मला पुन्हा लिहा. किती मुले कुठल्या गटातून कुठे सरकली ते आकड्यांत कळवा.

प्रश्न : नातवाचा जन्म डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातला. इंग्रजी शाळेत सिनिअर केजीला आहे. लेखनात मागे म्हणून शाळा त्याला आणखी एक वर्ष तिथेच ठेवा म्हणते. मुलगा आणि सून फार खचले आहेत. काय करावे?
— एक आजोबा, सिडको, नाशिक

उत्तर : आजोबा, आपल्या राज्यात पहिलीसाठी 31 डिसेंबरला सहा वर्षे पूर्ण लागतात. म्हणजे तुमचा नातू जूनमध्ये पहिलीत बसला तर साडेपाच वर्षांचा, आणि शेजारचा जानेवारीत जन्मलेला मुलगा त्याच्याहून जवळजवळ वर्षाने मोठा. या वयात एवढा फरक फार असतो. खचण्यासारखे यात काही नाही.

शाळेला एकच विचारा : त्या जादा वर्षात त्याला वेगळे काय देणार? तीच पुस्तके, त्याच वह्या असतील तर ठेवू नका. आणि घरी तुम्ही स्वतः पाहा. काल काय झाले ते तो ओळीने सांगतो का? गोष्ट अर्धी सोडली तर पुढचे विचारतो का? तसे असेल तर तो तयार आहे, मागे आहेत ती फक्त बोटे. त्याला घेऊन रोज शेंगा सोलायला बसा, कणकेचे गोळे करायला द्या, शर्टाची बटणे त्याचीच त्याला लावू द्या. दोन महिने पेन्सिलचा विषय काढू नका.