निवेदकांचे मानधन

प्रश्न : रेडिओवर केवळ बोलणाऱ्या निवेदकांना कोट्यवधींचे मानधन देणे योग्य आहे का?

उत्तर : पैसा कोणाच्या खिशातून येतो, ते आधी पाहावे. अमेरिकेतील सिरियस या उपग्रह रेडिओ कंपनीने 2004 मध्ये निवेदक हॉवर्ड स्टर्न यांच्याशी पाच वर्षांसाठी सुमारे 50 कोटी डॉलरचा करार केला, तेव्हा तिचे वर्गणीदार जेमतेम 6 लाखांच्या घरात होते. 2005 अखेर ते 30 लाखांवर गेले, आणि दरमहा 12.95 डॉलर मोजणाऱ्या श्रोत्याला वर्गणी बंद करण्याची मुभा होतीच. असे मानधन मला गैर वाटत नाही. बीबीसीची गोष्ट वेगळी आहे. तिने 2017 मध्ये जाहीर केलेल्या मानधनांच्या यादीत निवेदक ख्रिस इव्हान्स यांचे वार्षिक मानधन 22 लाख पौंडांच्या वर होते (त्यात दूरचित्रवाणीचे कामही आले), तर महिलांमध्ये अव्वल असलेल्या क्लॉडिया विंकलमन 5 लाखांच्या आतच होत्या. टीव्ही पाहणाऱ्या घराला सक्तीने भराव्या लागणाऱ्या, तेव्हा घरटी सुमारे 147 पौंड असलेल्या परवाना शुल्कातून दिलेली ही तफावत मला मुळीच पटत नाही.