तिशीत जीएनएम परवडेल का?

प्रश्न : माझं वय 31, कागलला राहते. बारावी आर्ट्स झाली आणि लग्न झालं. दोन्ही मुलं शाळेत जातात, मालक गोकुळ शिरगावला फाउंड्रीत आहेत. एका खासगी नर्सिंग स्कूलनं जीएनएमची, म्हणजे नर्सिंगच्या तीन वर्षांच्या डिप्लोमाची, फी वर्षाला 60 हजार सांगितली. एवढे पैसे घालून हातात काय पडेल? आणि अठरा-अठरा वर्षांच्या पोरींत मी कशी बसू?

उत्तर : ताई, आर्ट्सवाल्यांना जीएनएम चालतं, वयोमर्यादा 35. म्हणजे वेळ आहे, पण फार नाही.

60 हजार फक्त फी झाली. युनिफॉर्म, पांढरे बूट, सेकंद काट्याचं घड्याळ, जर्नल्स वेगळी. मनोरुग्ण विषयाच्या पोस्टिंगला (म्हणजे हॉस्पिटलमधल्या प्रत्यक्ष कामाला) मी शिकवायचे त्या नर्सिंग स्कूलची मुलं बहुतेकदा रत्नागिरीला जायची, तिथला राहण्या-खाण्याचा खर्च पदरचाच. तीन वर्षांचे दोन लाख धरा. एसटीला बायकांना अर्धं तिकीट आहे, तेवढाच आधार. सरकारी जागेचा अर्ज आधी भरा, तिथली फी याच्या मानानं किरकोळ असते. शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी या सरकारी वेबसाइटवर उत्पन्नाचा आणि लागत असेल तर जातीचा दाखला लागतो. तलाठ्याकडे आत्ताच जा.

आता पगार. सरकारी अधिपरिचारिकेचं (स्टाफ नर्सचं) मूळ वेतन 35,400, वर महागाई भत्ता. पण भरती कधी निघेल त्याचा नेम नाही. माझ्या हाताखालून गेलेल्या मुली छोट्या खासगी दवाखान्यांत 12-13 हजारांवर लागल्या, नाइट ड्युटीसकट. सुप्रीम कोर्टाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीनं 2016 मध्येच 50 खाटांच्या आतल्या दवाखान्यातही किमान 20 हजार द्या म्हणून शिफारस केली होती. ती कागदावरच राहिली, याचा मला अजून राग येतो. म्हणून कर्ज काढून हे करू नका. दोन लाख फेडायला अशा नोकरीतली दोन-तीन वर्षं सहज जातात.

वर्गाची काळजी सोडा. मी शिकवायचे तेव्हा एका बाकावर चंदगडची पोर, शेजारी गगनबावड्याचा मुलगा (हो, ब्रदर होणारी मुलंही असतात), मागे निपाणीकडची कानडी बोलणारी. सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, सीमाभागातले पेशंट आले की स्टाफसुद्धा तिलाच हाक मारायचा. एक बाई तुमच्याच वयाची, सासूचं अंथरुणातलं दुखणं काढून आलेली. पेशंटला कुशीवर वळवून खालची चादर कशी बदलायची, हे मी दाखवायच्या आत तिनं करून दाखवलं, कोपरे ताठ आणि एक सुरकुती नाही. इंग्रजीच्या पेपरला मात्र ती रडकुंडीला यायची, आणि तिला तो विषय शिकवला चंदगडच्या पोरीनं.

हजेरी न लावता डिप्लोमा देतो म्हणणारे एजंट भेटतील, त्यांना दारातूनच परत पाठवा. त्या शाळेचं नाव महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या यादीत आहे का, पोस्टिंगला कुठलं हॉस्पिटल आहे, हे स्वतः बघा. कौन्सिलची नोंदणी झाली नाही तर त्या कागदाला काही किंमत नाही.

आणि बारावीच्या मार्कशीटवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं असेल, तर फॉर्म भरण्याआधी विवाह नोंदणीचा दाखला काढून ठेवा; नाव बदलल्याचं गॅझेटही लागेल का, ते शाळेत विचारून घ्या. लग्न झालेल्या बायका यातच अडकतात.