वाचकांचे प्रश्न : लाल-निळ्या कोळंबीची पिल्ले तपकिरी का?

प्रश्न : दिवाळीच्या सुमारास मी दोन फुटी काचेच्या टाकीत दहा लाल चेरी आणि दहा ब्लू ड्रीम कोळंब्या एकत्र सोडल्या. त्यांच्या संकरातून जांभळी पिल्ले मिळतील, अशी आशा होती. आज टाकीत पुष्कळ पिल्ले आहेत, परंतु बहुतेक पारदर्शक व तपकिरी ठिपक्यांची आहेत. नर्मदेच्या पाण्यात काही दोष असेल का? गेलेले रंग परत मिळतील का?
— एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : पाण्यात दोष असता तर इतकी पिल्ले जगलीच नसती, त्यामुळे ती शंका मनातून काढून टाकावी. आपण आणलेल्या लाल व निळ्या कोळंब्या या दोन वेगळ्या जाती नसून निओकॅरिडिना डेव्हिडी या एकाच जातीचे, माणसाने पिढ्यानपिढ्या निवड करून पक्के केलेले दोन वाण आहेत. चीन व तैवानच्या ओढ्यांतील या जातीचा मूळ रंग तपकिरी-पारदर्शक असतो, कारण दगडगोटे आणि शेवाळ यांत माशांच्या नजरेस न पडणे हाच तेथे जगण्याचा मार्ग आहे. तोच रंग आपल्या टाकीत परतला आहे.

लाल वाणात एका ठिकाणचे जनुक बदललेले आहे आणि निळ्यात दुसऱ्याच ठिकाणचे, असे समजू. असे बदल बहुधा अप्रभावी असतात, म्हणजे आई आणि वडील या दोघांकडून तोच बदल आला तरच तो अंगावर दिसतो. संकरात मात्र प्रत्येक पिल्लाला दोन्ही ठिकाणी एकेक मूळ जनुक मिळते, ते वरचढ ठरते आणि पिल्लू थेट पणजोबांच्या वळणावर जाते. खरोखर दोनच जनुकांचा प्रश्न असेल, तर या पिल्लांच्या पुढच्या पिढीत १६ पैकी ९ तपकिरी, प्रत्येकी ३ एकेका बदलाची आणि १ दोन्ही बदलांचे, असे प्रमाण मेंडेलच्या नियमाने येईल. प्रत्यक्षात रंगामागे अधिक जनुके असतात, म्हणून हवा तो रंग याहूनही विरळा होतो. दोन वेगळ्या दुकानांतून आणलेल्या निळ्या कोळंब्यांचीही पिल्ले कधी तपकिरी निघतात, कारण दिसायला सारखा असलेला निळा रंग निरनिराळ्या घराण्यांतून आलेला असू शकतो.

रंग वाचवायचे असतील तर मूळ लाल व निळ्या कोळंब्या आजच दोन टाक्यांत वेगळ्या कराव्यात. त्यांचे आयुष्य दीड-दोन वर्षांचेच असल्यामुळे येथे उशीर परवडणारा नाही. मादी मोठी व पोटाकडे रुंद असते, आणि तिच्या पाठीवर खोगिरासारखा पिवळसर किंवा हिरवट पट्टा दिसतो. ज्या मादीच्या पोटाखाली आताच अंडी आहेत, तिची ही वीण संकराची असण्याचा संभव धरून चालावे आणि तीन-चार आठवड्यांत बाहेर पडणारी पिल्ले मिश्र टाकीत ठेवावीत. त्यानंतर मादी कात टाकते आणि लगेच समागम होतो. त्या वेळी तिच्याभोवती केवळ तिच्याच रंगाचे नर असले की पुढची वीण शुद्ध मिळते.

नवा रंग निर्माण करण्याची आपली इच्छा मला मनापासून आवडली, परंतु तिची वाट रंग मिसळण्यातून क्वचितच जाते. १९९० च्या दशकात जपानमधील हिसायासु सुझुकी यांनी काळ्या-पांढऱ्या ‘बी’ (इंग्रजीत मधमाशी) नावाच्या कोळंबीत आढळलेल्या लाल पिल्लांची निवड करत क्रिस्टल रेड हा वाण घडवला. म्हणून एकाच रंगाच्या टाकीत रोज पाच मिनिटे डोळे उघडे ठेवून पाहावे आणि वेगळे दिसलेले पिल्लू जपावे. पिल्लू वयात यायला अडीच-तीन महिने व अंडी उबायला एक महिना धरला, तर वर्षात जेमतेम तीन पिढ्या हाती लागतात.

तपकिरी पिल्ले शेवाळ उत्तम खातात, ती ठेवावीत किंवा मिश्र वाण असल्याचे सांगूनच कोणाला द्यावीत. सिरपूर तलावात मात्र कृपया सोडू नयेत. ही परकी जात जर्मनीतील कोमट पाण्याच्या प्रवाहात स्थिरावल्याची नोंद आहे, आणि सिरपूर हे तर महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीतील क्षेत्र आहे.

प्रश्न : मे महिन्यात पाणी ३१ अंशांवर गेल्यावर कोळंब्या मरू लागतात. उपाय काय? — तेच वाचक

उत्तर : पाण्याच्या पृष्ठभागावर लहान पंख्याचा वारा सोडल्यास बाष्पीभवनामुळे तापमान दोन-तीन अंशांनी उतरते. उडालेल्या पाण्याच्या जागी आरओचे पाणी घालावे, कारण क्षार टाकीतच मागे राहतात आणि नळाच्या पाण्याने त्यांत भरच पडते. वीण घेण्याचे काम पावसाळा सुरू झाल्यावर हाती घ्यावे.